कारखान्याला व्हिसा लागत नाही

गेल्या महिन्यात जुम्याची नमाज झाल्यावर नेहमीप्रमाणे मशिदीसमोरच्या टपरीवर चहाला थांबलो होतो. माझा भाचा सोबत होता. तळेगाव-चाकण पट्ट्यात एका परदेशी कंपनीला सुटे भाग पुरवणाऱ्या युनिटमध्ये तो सहा वर्षे कंत्राटावर होता. आयटीआय केलेला पोरगा आहे, हाताला चांगले वळण आहे. युनिटची एक अख्खी लाईन कंपनीने परदेशात हलवली आणि भाच्यासह चाळीसेक पोरांना घरी पाठवले. निरोप द्यायला एक एचआरवाला आला होता. भाचा म्हणाला, “मामू, तो म्हणाला की इथले टॅक्स परवडत नाहीत. सरकारने टॅक्स कमी केले असते तर तुमच्या नोकऱ्या राहिल्या असत्या.”

बाजूला बसलेले आमच्या मोहल्ल्यातले निवृत्त बँक अधिकारी लगेच सरसावले. “बरोबरच आहे ना! धंदेवाल्याला टॅक्सने पिळलं की तो जाणारच. अमेरिकेतून कारखाने का गेले? टॅक्समुळेच.” टपरीवरच्या चार-पाच जणांनी माना हलवल्या. कुणीतरी मोबाईल काढून त्याच आशयाचा एक फॉरवर्डही दाखवला.

भाच्याच्या चेहऱ्याकडे पाहून मी त्या वेळी गप्प बसलो. पण ही गोष्ट गप्प बसण्यासारखी नाही. करामुळे कारखाने जातात, म्हणून कर कमी करा, म्हणजे कारखाने येतील, हे वाक्य गेली चाळीस वर्षे जगभर घोकले जात आहे. ज्याची नोकरी जाते, त्याच्याच तोंडून मालकाला करमाफी मागवून घेण्याची ही युक्ती आहे. तिची चिरफाड करायला हवी. आणि ती अमेरिकेपासूनच करावी लागेल, कारण हा मंत्र तिथे तयार झाला आणि तिथेच तो सर्वांत जास्त वेळा तपासला गेला.

दुबईचा दाखला

आधी घरचेच उदाहरण घेऊ. कोकणातल्या मुसलमानांना आखाती देश सांगायला नकोत. रत्नागिरी, रायगडच्या गावागावात प्रत्येक घरचा एक चाचा नाही तर भाईजान दुबई, कुवेत किंवा मस्कतला आहे. संयुक्त अरब अमिरातीत जून २०२३पर्यंत तेल कंपन्या आणि परदेशी बँका सोडल्या तर कंपन्यांच्या नफ्यावर केंद्रीय पातळीवर कर नव्हताच. आता आहे तो ९ टक्के. पगारावर प्राप्तिकर आजही नाही. कर हेच कारखाना हलण्याचे कारण असते, तर जगातले मोटारींचे, मोबाईलचे, कपड्यांचे कारखाने दुबईत उभे राहायला हवे होते. राहिले का? तिथे गोदामे झाली, बंदर झाले, कार्यालये झाली. अॅल्युमिनियमचा मोठा उद्योग झाला, पण तो वायू आणि त्यावरची वीज हाताशी होती म्हणून.

बर्म्युडा आणि केमन बेटांचेही तेच. कंपनी कर शून्य म्हणून ही बेटे दशकानुदशके प्रसिद्ध होती. तिथे हजारो कंपन्यांच्या पाट्या आहेत, मोटारीचा कारखाना मात्र एकही नाही.

आता अमेरिकेचे कारखाने गेले कुठे ते पाहू. मेक्सिकोत कंपनी कर ३० टक्के आहे. चीनमध्ये २००८पासून सर्वसाधारण दर २५ टक्के आहे. अमेरिकेचा केंद्रीय दर २०१७पर्यंत ३५ टक्के होता, राज्यांचे कर वेगळे. म्हणजे फरक होता, हे मान्य. चीनने परदेशी कंपन्यांना खास सवलतीही दिल्या, तेही मान्य. पण तीस टक्के कर घेणाऱ्या मेक्सिकोत कारखाना जातो आणि शून्य टक्केवाल्या बेटावर जात नाही, याचा अर्थ काय? कारखाना दुसरे काहीतरी शोधत हिंडतो आहे.

काम एकीकडे, नफा दुसरीकडे

ही गल्लत नेमकी कुठे होते ते समजून घेणे गरजेचे आहे. एखादी कंपनी परदेशात जाते तेव्हा दोन गोष्टी हलतात. एक काम, दुसरा नफा. दोन्ही एकाच जागी जातात असा आपला समज असतो, प्रत्यक्षात त्यांचे रस्ते वेगळे असतात.

ॲपलचे उदाहरण घ्या. आयफोन जोडला जातो चीनच्या चेंगचौ आणि शेनचेन शहरांतल्या अवाढव्य कारखान्यांत. लाखो कामगार तिथे उभे राहून काम करतात. पण युरोपासकट जगाच्या मोठ्या भागातल्या विक्रीचा नफा जमा होत होता आयर्लंडमध्ये, तोही अशा ‘मुख्यालयाच्या’ नावे, ज्याला ना स्वतःची जागा होती ना कर्मचारी. २०१६ साली युरोपीय आयोगाने हिशेब मांडला, तेव्हा २०१४च्या युरोपीय नफ्यावर या कंपनीने भरलेला कर ०.००५ टक्के निघाला. दहा लाख युरोच्या नफ्यावर पन्नास युरो! आयोगाने १३ अब्ज युरो वसूल करण्याचा आदेश दिला. गंमत म्हणजे ‘आम्हाला हे पैसे नकोत’ म्हणून आयर्लंडचे सरकारच कंपनीच्या बाजूने कोर्टात गेले. शेवटी सप्टेंबर २०२४मध्ये युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने आयोगाचा आदेश कायम केला.

इथे करामुळे हलला तो नफा. कामगार चीनमध्ये आहे तो वेगळ्या कारणांसाठी. स्वस्त आणि हुकमी मनुष्यबळ, शेजारच्या गल्लीत मिळणारा प्रत्येक स्क्रू, रात्रीत बदलता येणारी लाईन, बंदर, रस्ते आणि युनियनला जागा न देणारी राजवट, ही ती कारणे. एचआरवाला दोन्ही गोष्टींची गाठ मारून सांगतो. कामगाराला वाटते, आपली नोकरी कराने खाल्ली.

अमेरिकी कायद्यानेही या खेळाला हातभार लावला. तिथल्या कंपनीने परदेशात कमावलेला नफा मायदेशी आणला नाही, तर त्यावर कर लागत नसे. जेव्हा आणाल तेव्हा भरा. कोणता शहाणा आणील? २०१७पर्यंत असा दोन लाख कोटी डॉलरहून जास्त नफा ‘परदेशात’ साठला होता. हा कायदा नक्कीच चुकीचा होता. बाहेर कारखाना काढणाऱ्याला तो बक्षीस देत होता. त्यामुळे कर आणि कारखाना यांचा काहीच संबंध नाही, असे मी म्हणणार नाही. माझे म्हणणे एवढेच की, तो संबंध एचआरवाला सांगतो तसा नाही.

मग कारखाने का जातात?

१९७९ साली अमेरिकेच्या कारखान्यांत सुमारे १ कोटी ९५ लाख लोक कामाला होते. तो उच्चांक होता. २००० साली हा आकडा १ कोटी ७० लाखांच्या पुढेमागे होता. २०१०च्या सुरुवातीला तो १ कोटी १५ लाखांवर आला. दहा वर्षांत पन्नास लाखांहून अधिक नोकऱ्या गेल्या. या दहा वर्षांत अमेरिकेने कंपनी कर वाढवला होता का? नाही. तो १९९३पासून ३५ टक्केच होता. त्याआधी १९८६च्या सुधारणेत रेगन सरकारने तो ४६ टक्क्यांवरून ३४वर आणला होता. म्हणजे १९७९च्या उच्चांकाच्या वेळी कर ४६ टक्के होता आणि नोकऱ्या सर्वाधिक होत्या. कर उतरला आणि पुढे नोकऱ्याही उतरल्या. एकामुळे दुसरे झाले असा दावा मी करत नाही, तेवढी लबाडी मला जमणार नाही. पण कर उतरवला की नोकऱ्या चढतात, हा दावा करणाऱ्यांनी या आकड्यांचे काय करायचे ते सांगावे.

बदलले होते ते दुसरेच काही. १ जानेवारी १९९४ला अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोचा मुक्त व्यापार करार, म्हणजे नाफ्टा लागू झाला. त्याच वर्षाच्या शेवटी मेक्सिकोचे चलन कोसळले आणि डॉलरमध्ये मोजायचे तर तिथला कामगार आणखी स्वस्त झाला. डिसेंबर २००१मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला. चिनी मालावर उद्या जबर जकात बसेल, ही भीती त्याआधीच अमेरिकी संसदेने कायमची घालवली होती. कारखानदाराला हवी होती ती हमी मिळाली. शिवाय यंत्रे हुशार झाली, कंटेनरच्या जहाजांनी वाहतूक कवडीमोल केली. या सगळ्यांत नफ्यावरच्या कराचा नंबर बराच खाली लागतो.

करच मोजायचा, तर नफ्यावरच्या करापेक्षा सीमेवरची जकात जास्त बोलते. बांगलादेशचे पाहा. २००१पासून युरोपीय संघाने अतिमागास देशांचा शस्त्रे सोडून सगळा माल जकातमुक्त केला. ढाक्याचा शर्ट युरोपात शून्य जकातीने जाऊ लागला, तिरुपूरच्या शर्टाला नऊ टक्क्यांच्या आसपास जकात. शर्टाच्या धंद्यात नऊ टक्के म्हणजे जगणे आणि मरणे यातला फरक. त्यात तिथली मजुरी कमी. आणि सुरक्षेचा खर्च? २४ एप्रिल २०१३ला ढाक्याजवळ राणा प्लाझाची इमारत कोसळली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी कामगारांना आत बोलावले. अकराशेहून अधिक जीव गेले, त्यात बहुतेक तरुण बायका. जगातल्या बड्या ब्रँडचे कपडे तिथे शिवले जात होते. मालकाने वाचवलेला तो खर्च कुठल्याही कर विवरणात दिसत नाही. कारखाना ढाक्याला जातो त्यात हाही हिशेब असतो, हे कुठलाही एचआरवाला सांगणार नाही.

गोळी आणि मोटार

करामुळे कारखाना हलतो अशी उदाहरणे नाहीतच का? आहेत, आणि ती प्रामाणिकपणे सांगायला हवीत.

औषधाची गोळी हलकी असते, किंमत भारी असते. तिचे पेटंट कागदावर असते, ते कुठल्याही देशाच्या नावावर करता येते. म्हणून औषध कंपन्या करामागे धावतात. आयर्लंडचा १२.५ टक्के दर त्यांना मानवला. आपल्याकडे २००३ साली हिमाचलला उत्पादन शुल्काची आणि प्राप्तिकराची सवलत मिळाली, तेव्हा देशभरातल्या औषध कंपन्यांनी बद्दीचा रस्ता धरला. मुंबई-ठाण्याकडचे कामही तिकडे गेले. यात करच कारण होता.

पण असा आलेला कारखाना किती दिवस टिकतो? त्याचे उत्तर पोर्तो रिकोत आहे. कॅरिबियन समुद्रातले हे बेट अमेरिकेच्या ताब्यात आहे. १९७६ साली अमेरिकेने करकायद्यात कलम ९३६ घातले. बेटावर कमावलेल्या नफ्यावर अमेरिकी कंपन्यांना केंद्रीय कर जवळपास माफ. औषध कंपन्या धावून आल्या. बेट औषधांचे आगर झाले. १९९६ साली ही माफी काढायचे ठरले, दहा वर्षांची मुदत दिली. २००६ साली मुदत संपली आणि त्याच वर्षी बेट मंदीत गेले. कारखान्यांतल्या नोकऱ्या आटत गेल्या. सरकारने कर्ज काढून दिवस ढकलले. मे २०१७मध्ये ७० अब्ज डॉलरहून अधिक कर्ज डोक्यावर घेऊन त्यांना दिवाळखोरीसारख्या प्रक्रियेत जावे लागले. इतरही कारणे होती, लोक बेट सोडून जात होते, कारभार वाईट होता. पण धडा स्वच्छ आहे. करमाफीने आलेला पाहुणा करमाफी असेपर्यंत जेवतो, मग उठतो. ताट मात्र यजमानाला धुवावे लागते.

कर कमी करून पाहिला, त्याचे काय झाले?

आता मुख्य दाव्याकडे येऊ. अमेरिकेने हा प्रयोग एकदा नव्हे, दोनदा केला.

पहिला २००४ साली. कायद्याचे नावच होते ‘अमेरिकन जॉब्ज क्रिएशन ॲक्ट’, म्हणजे अमेरिकी रोजगार निर्मितीचा कायदा. परदेशात साठवलेला नफा घरी आणा, ३५ऐवजी ५.२५ टक्केच कर भरा, अशी एकदाची सूट दिली. कंपन्यांनी तीनशे अब्ज डॉलरहून अधिक रक्कम आणली. २०११ साली अमेरिकी सिनेटच्या एका उपसमितीने हिशेब तपासला. सर्वाधिक पैसा आणणाऱ्या १५ कंपन्यांनी त्यानंतरच्या काळात मिळून वीस हजारांहून अधिक नोकऱ्या कमी केल्या होत्या. पैसा गेला शेअर परत विकत घेण्यात आणि साहेबांच्या पगारात. रोजगार राहिला फक्त कायद्याच्या नावात.

दुसरा प्रयोग डिसेंबर २०१७चा. कंपनी कर ३५वरून थेट २१ टक्के. सरकारी अर्थतज्ज्ञांनी सांगितले, सरासरी कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला किमान चार हजार डॉलरने वाढेल. २०१८ साली वाढले काय? अमेरिकेतल्या पाचशे बड्या कंपन्यांनी आठशे अब्ज डॉलरहून जास्त खर्चून स्वतःचेच शेअर विकत घेतले. तो विक्रम होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जनरल मोटर्सने उत्तर अमेरिकेतल्या पाच कारखान्यांना काम न देण्याचे जाहीर केले. ओहायोतल्या लॉर्ड्सटाऊनमध्ये ६ मार्च २०१९ला शेवटची मोटार बाहेर पडली. पन्नास वर्षांहून जुना कारखाना. कर १४ टक्क्यांनी उतरून सव्वा वर्ष झाले होते.

याच कायद्यात एक फट होती, ती तर मासलेवाईक आहे. परदेशातल्या नफ्यावर नवा किमान कर बसवला, पण दर देशातल्या दराच्या निम्माच. त्यातही परदेशातल्या इमारती आणि यंत्रसामग्रीच्या किमतीच्या १० टक्क्यांपर्यंतचा नफा करातून वगळला. म्हणजे बाहेर जितका मोठा कारखाना बांधाल, तितका वगळलेला नफा जास्त. रोजगार घरी आणण्याच्या नावाने केलेल्या कायद्यातच बाहेर कारखाना बांधणाऱ्याला सूट! ती काढायला २०२५ साल उजाडले.

सुट्या सुट्या कंपन्यांना दिलेल्या सवलतींची कहाणी याहून वेगळी नाही. इंडियानापोलिसमधला कॅरियरचा भट्ट्या बनवणारा कारखाना मेक्सिकोतल्या माँटेरीला नेण्याची घोषणा २०१६ साली झाली. कामगारांच्या संतापाचा व्हिडिओ जगभर फिरला. निवडणूक जिंकलेल्या ट्रम्प यांनी मध्यस्थी केली, राज्याने दहा वर्षांत ७० लाख डॉलरच्या सवलती देऊ केल्या. आठशेच्या आसपास नोकऱ्या वाचल्या, त्याचा मोठा गाजावाजा झाला. पुढच्या वर्षभरात त्याच कारखान्यातून पाचशेहून अधिक लोकांना काढले. त्याच मूळ कंपनीचा हंटिंग्टनचा सातशे कामगारांचा कारखाना मेक्सिकोला गेला, त्याची बातमी लहान टायपात आली.

विस्कॉन्सिनमध्ये फॉक्सकॉनने २०१७ साली दहा अब्ज डॉलर आणि १३ हजार नोकऱ्यांचे स्वप्न दाखवले. राज्याने तीन अब्ज डॉलरच्या आसपास सवलती कबूल केल्या. गावाने लोकांची घरे, शेते घेतली, रस्ते बांधले. २०२१ साली नवा करार झाला तेव्हा गुंतवणूक उरली ६७ कोटी डॉलर आणि नोकऱ्या १,४५४. फॉक्सकॉनचे नाव महाराष्ट्राला नवीन नाही. ऑगस्ट २०१५मध्ये पाच अब्ज डॉलरचा सामंजस्य करार झाला, तो कागदावरच राहिला. २०२२ साली वेदांतासोबतचा त्यांचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातच्या ढोलेराला गेला म्हणून आपण महिनाभर भांडलो. जुलै २०२३मध्ये फॉक्सकॉन त्यातूनही बाहेर पडली. दोन राज्ये ज्या नवरदेवासाठी भांडत होती, तो मांडवातूनच निघून गेला.

लॉर्ड्सटाऊन आणि तळेगाव

आपल्या देशाने हाच मंत्र २० सप्टेंबर २०१९ला म्हटला. कंपनी कराचा मूळ दर ३०वरून २२ टक्के, नव्या उत्पादक कंपन्यांना १५ टक्के. वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपयांवर पाणी सोडत असल्याचे सरकारनेच सांगितले. आता कारखाने येतील, म्हणाले.

त्यानंतर काय झाले? डिसेंबर २०२०मध्ये जनरल मोटर्सने तळेगावचे उत्पादन थांबवले. चौदाशेच्या आसपास कायम कामगार रस्त्यावर आले, कंत्राटी किती ते कोण मोजतो! सप्टेंबर २०२१मध्ये फोर्डने भारतात मोटारी बनवणे बंद करत असल्याचे जाहीर केले. दोन्ही कंपन्या करकपातीनंतर गेल्या. कारण साधे होते. त्यांच्या मोटारी इथे खपत नव्हत्या. आणि ज्या कंपनीला नफाच होत नाही, तिला नफ्यावरचा कर २२ काय नि ३० काय? बँकवाल्या चाचांनी एवढा तरी विचार करायला हवा होता. नफ्यावरचा कर नफा झाल्यावर लागतो. तोट्यातल्या कारखान्याला तो मारू शकत नाही.

पुढे तळेगावची तीच जागा ह्युंदाईने घेतली. जमीन तीच, राज्य तेच, कराचे दर तेच. एक कंपनी गेली, दुसरी आली. कारण दुसरीच्या मोटारींना गिऱ्हाईक आहे.

लॉर्ड्सटाऊनचा कामगार आणि तळेगावचा कामगार एकमेकांना ओळखत नाहीत. अमेरिकेतल्याला वाटते, आपली नोकरी कुणी मेक्सिकन किंवा भारतीय पळवतो. तळेगावच्या कारखान्यातल्या मोटारी मेक्सिकोला जात होत्या, हे त्याला कुणी सांगितलेले नसते. दोघांना एकाच कंपनीने दोन वर्षांच्या आत घरी पाठवले. दोघांच्या सरकारांनी त्याआधी कर कमी केला होता. दोघांनाही सांगितले गेले की, अजून थोडी सवलत हवी होती.

इब्न खल्दूनला कोर्टात खेचणारे

या करकपातवाल्यांनी आमच्या एका बुजुर्गालाही वकील म्हणून उभे केले आहे. १ ऑक्टोबर १९८१च्या पत्रकार परिषदेत अध्यक्ष रेगन यांनी चौदाव्या शतकातल्या इब्न खल्दूनचा हवाला दिला. राजवटीच्या सुरुवातीला कर हलके असतात आणि महसूल भरपूर मिळतो, शेवटी कर जड होतात आणि महसूल आटतो, हे त्यांचे निरीक्षण. ट्युनिसला जन्मलेल्या या विद्वानाने १३७७ साली ‘मुकद्दिमा’त हे लिहिले, यात शंका नाही. आपल्यातलेही काही जण मोठ्या अभिमानाने हा किस्सा सांगतात की, पाहा, व्हाईट हाऊसमध्ये आमचा माणूस!

पण त्याच ग्रंथात पुढे काय आहे? माणसाची कमाई आणि मालमत्ता यांचे मोल त्याच्या श्रमातून येते, असे इब्न खल्दून मांडतात. प्रजेकडून वेठबिगारी करून घेणे हा मोठ्यात मोठा जुलूम मानतात आणि जुलमाने वस्ती उजाड होते असे बजावतात. राज्यकर्त्याने पैसा दाबून ठेवला तर बाजार मंदावतो, कारण राज्य हाच सर्वांत मोठा बाजार असतो, हेही त्यांनीच लिहिले. हे भाग कुठल्या अध्यक्षाने वाचून दाखवल्याचे माझ्या ऐकिवात नाही. इब्न खल्दून जड कराविरुद्ध बोलले ते शेतकरी आणि छोट्या व्यापाऱ्याच्या पाठीवरचा बोजा पाहून. ०.००५ टक्के कर भरणाऱ्या कंपनीची वकिली त्यांच्या तोंडी घालणे हा त्यांच्यावरच जुलूम आहे.

बिल कोण भरतो?

सोडून दिलेला कर हवेत जात नाही. तो कुणाच्या तरी खिशातून भरून काढला जातो. गेल्या काही वर्षांत आपल्या देशात व्यक्तिगत प्राप्तिकराची वसुली कंपनी कराच्या पुढे गेली आहे. आणि जो प्राप्तिकराच्या कक्षेतही येत नाही, तो माझा बेकार भाचा चपलेवर, मोबाईलच्या रिचार्जवर, चहासोबतच्या बिस्किटावर कर भरतोच. भिवंडीचा लूमवाला, मालेगावचा रंगारी, गॅरेजमधला पोरगा, सगळे भरतात. त्यांना कुणी ‘तुम्ही निघून जाल म्हणून सूट देतो’ असे म्हणत नाही. कारण ते निघून जाऊ शकत नाहीत.

खरा फरक इथे आहे. कारखान्याला व्हिसा लागत नाही. यंत्रे कंटेनरमध्ये बसतात आणि जातात. नफा तर कंटेनरमध्येही बसत नाही, तो एका कळीवर जातो. कामगाराला मात्र पासपोर्ट, मेडिकल, एजंटचे पैसे आणि अरबाची मर्जी लागते. माझ्या भाच्याची लाईन जिथे गेली तिथे भाचा जाऊ शकत नाही. त्याला आता कुवेतचा रस्ता दाखवला जातो आहे, बापजाद्यांना दाखवला तसाच.

मग करायचे काय? कारखानदार शत्रू आहे, असे मी म्हणत नाही. छोट्या युनिटचा अडकलेला जीएसटी परतावा, कच्च्या मालावर जास्त आणि तयार मालावर कमी कर, अधिकाऱ्याचे हेलपाटे, या तक्रारी खऱ्या आहेत. त्या सोडवल्या तर खरेच नोकऱ्या वाचतील. वीज, रस्ते, हुन्नर शिकवणाऱ्या शाळा यांवर खर्च केला तर कारखाना टिकेल. पण तो खर्च करातूनच होतो, हे विसरून चालणार नाही.

आणि सवलत द्यायचीच असेल तर ती नोकऱ्यांना बांधून द्या. विस्कॉन्सिनने निदान एवढे शहाणपण केले होते की, ठरलेल्या नोकऱ्या दाखवल्याशिवाय पैसे मिळणार नव्हते. म्हणून २०२०मध्ये राज्याला ‘नाही’ म्हणता आले. आपल्याकडे कुठल्या कंपनीला किती सवलत दिली आणि बदल्यात किती लोकांना, किती पगारावर, कायम की कंत्राटी ठेवले, याची यादी प्रत्येक तालुक्याच्या तहसील कार्यालयाबाहेर लावायला काय हरकत आहे? रेशन कार्डवाल्यांची यादी लागते, करमाफीवाल्यांची का लागू नये?

देशादेशांनी आपसात लिलाव करणेही थांबवावे लागेल. ऑक्टोबर २०२१मध्ये १३६ देशांनी बड्या कंपन्यांवर किमान १५ टक्के कराचे तत्त्व मान्य केले, ती एक चांगली सुरुवात होती. जानेवारी २०२५मध्ये ट्रम्प पुन्हा आले आणि पहिल्याच दिवशी अमेरिकेने त्यातून अंग काढले. ज्या देशात कारखाने गेल्याचे सर्वांत मोठे रडगाणे आहे, त्याच देशाने नफ्याच्या पळवाटा बुजवायला नकार दिला. यावरून हे रडगाणे कुणासाठी गायले जाते ते ओळखावे.

परवा पुन्हा जुम्याला टपरीवर बसलो होतो. यावेळी मी भाच्याला विचारले, “तुझ्या कंपनीला मागच्या वर्षी नफा झाला होता का?” म्हणाला, “झाला होता मामू. आम्हाला मिठाईचा डबा दिला होता.”

“आणि टॅक्स वाढला होता?”

तो थोडा वेळ विचार करत बसला. मग म्हणाला, “नाही. पगारवाढ मागितली होती आम्ही.”

बँकवाले चाचा या वेळी काही बोलले नाहीत. चहाचे पैसे त्यांनी दिले.